सिगारला ओल, कुरडईला ऊन

सिगार ओढण्यापेक्षा सांभाळणे अवघड असते, हे सिगार न ओढणाऱ्या माणसाला फार उशिरा कळते. ओढणाऱ्याचा प्रश्न तासाभरात धूर होऊन जातो. न ओढणाऱ्याच्या घरात ती पेटी मुक्काम ठोकते आणि रोज काहीतरी मागत राहते.

हौशी माणूस कुठल्याही गावात असतो. इथे तो किनवटात आहे असे धरू. नांदेड जिल्ह्याचे टोक, सागवानाचे जंगल, पैनगंगेपलीकडे विदर्भ आणि जवळच तेलंगणातले आदिलाबाद. १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे इथल्या बोलण्यात तेलुगू शब्द पाहुण्यासारखे न येता घरच्यासारखे येतात. आपला हौशी निवृत्त आहे, निर्व्यसनी आहे आणि सुपारीसुद्धा खात नाही. गल्ली त्याला काका म्हणते, म्हणून इथेही काकाच.

काकांवर हे संकट जावयाकडून आले. दिवाळीला परदेशातून आलेल्या जावयाने सासऱ्यांच्या हातात सिगारींचे खोके ठेवले. भारतात येणाऱ्या प्रवाशाला २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे १०० सिगारेटी किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू जकातीशिवाय आणता येत असे. जावयाने कायद्याचा पुरेपूर मान राखून मोजून २५ आणल्या. "बाबा, रिटायर झालात ना, आता शांतपणे बसून ओढा," असे तो म्हणाला. काकांनी आयुष्यात अगरबत्तीखेरीज काही पेटवलेले नव्हते. पण जावयाला 'नको' म्हणण्याची प्रथा मराठवाड्यात अजून सुरू झालेली नाही. खोके शोकेसमध्ये गेले, संगमरवरी ताजमहाल आणि निरोप समारंभातली ढाल यांच्या मधोमध.

तिथेच ते सुखाने राहिले असते. पण पुण्याचा पुतण्या आला. त्याने झाकण उघडले, एक सिगार उचलून कानाशी नेली, दोन बोटांत हलकेच दाबली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात त्या आवाजात म्हणाला, "काका, ह्या मरतायत."

पुतण्याचे म्हणणे खोटे नव्हते. सिगार म्हणजे अख्ख्या पानांची गुंडाळी. आतली पाने, त्यांना धरून ठेवणारे पान आणि सगळ्यात बाहेरचे देखणे पान, असे तिचे तीन थर. हवेतली ओल कमी झाली की बाहेरचे पान तडकते, आतले तेल उडते आणि उरते ते महागडे सरपण. म्हणून शौकिनांनी एक हिशेब बसवला आहे: ७० अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपले २१ सेल्सिअस, आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता. गंमत अशी की ज्या हवानाच्या नावाने हा सारा थाट चालतो, तिथले वर्षाचे सरासरी तापमान २५ च्या आसपास असते. क्यूबन सिगारलासुद्धा जन्मगावी जो गारवा मिळाला नाही, तो किनवटात मिळावा अशी अपेक्षा होती.

काकांनी वाचन सुरू केले. निवृत्त माणसाचे वाचन ही घराच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट असते, कारण त्यातून दाखले निघतात. १८९५ मध्ये क्यूबाला गेलेल्या तरुण चर्चिलला तिथे सिगारची गोडी लागली आणि पुढे त्याच्या चार्टवेलच्या घरी तीन-चार हजार सिगारींचा साठा असे, हे काकूंना चहाबरोबर ऐकावे लागले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाच्या मालावर बंदीची सही करण्याआधी आपला प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर याला सिगार आणायला पिटाळले, सकाळपर्यंत १२०० गोळा झाल्याची खात्री करून घेतली आणि मग सही केली, हा सॅलिंजरने स्वतः सांगितलेला किस्सा जेवताना झाला.

"त्यांनी त्या ठेवल्या कुठं?" काकूंनी विचारले.

"कोणी?"

"केनेडींच्या बायकोनं."

या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हते.

सिगार ठेवायची खास पेटी मिळते, पण तिची किंमत पाहून काकांनी पुस्तक मिटले. पुतण्याने स्वस्त तोड सुचवली: वाइनच्या बाटल्या गार ठेवायचे छोटे कपाट घ्यायचे आणि त्याचे सिगारघर करायचे. जगभरचे हौशी असेच करतात. हैदराबादच्या कुठल्याशा हॉटेलच्या मोडीतून एक कपाट मिळाले आणि जानेवारीच्या एका सकाळी ते टेम्पोतून गल्लीत उतरले.

"काय आणलाव काका?"

"कूलर."

"दोन हायत की घरात. आन् पाणी कुठून टाकायचं ह्याच्यात? टाकीच दिसंना."

"हा वाइनचा कूलर आहे."

बस्स. दुपारपर्यंत ही बातमी रेल्वे स्टेशनापर्यंत पोचली. मोठ्या सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता, तेव्हा उठलेला गदारोळ लोक विसरले नव्हते. भजनी मंडळातल्या एकाने काकांना बाजूला घेऊन अत्यंत प्रेमाने विचारले, "घरात काही दुःख हाय का?" काकांनी खुलासा केला की दारू नाही, सिगार आहेत. त्याने समाधान झाले नाहीच, उलट त्या दिवसापासून त्यांना टाळ वाजवायला मिळेनासा झाला.

काकूंनी कपाट उघडून पाहिले. आत बाटल्या आडव्या ठेवण्यासाठी नागमोडी तारांचे कप्पे होते. "लाटणी ठेवायला बरं आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या सगळ्या महिन्यांत या यंत्राबद्दल इतके व्यवहारी वाक्य कोणी बोलले नाही.

मग तयारी सुरू झाली. कपाटाला नव्या प्लास्टिकचा आणि जुन्या हॉटेलचा असा संमिश्र वास होता. तो घालवायला आत वर्तमानपत्राचे बोळे आणि वाटीभर खायचा सोडा ठेवतात. सोडा स्वयंपाकघरातून गेला आणि त्या रविवारी ढोकळा बसला. कपाटाच्या तळाला पाणी निथळायचे एक भोक असते, ते बुजवायचे असते, नाहीतर आतली ओल तिथून पसार होते. ते काकांनी च्युइंगगमने बुजवले, आणि त्यासाठी आधी चार च्युइंगगम चावले. आयुष्यातले ते त्यांचे पहिले व्यसन.

त्यानंतर लाकूड. सिगार लाकडी खणात ठेवायच्या असतात, आणि लाकूडही ठरलेले: मध्य आणि दक्षिण अमेरिकेत वाढणारे सेड्रेला. ते ओल धरते, हळूहळू सोडते आणि त्याच्या वासाला किडे फारसे फिरकत नाहीत. सुताराला बोलावले.

"सागवान लावू की मालक. किनवटात राहून लाकूड अमेरिकेहून आणायचं व्हय?"

"सागाला स्वतःचं तेल असतं. त्याचा वास सिगारला लागतो."

"आन् ह्या सेड्रेलाला वास नसतो?"

"असतो. पण तो चालतो."

सुताराने काकांकडे बराच वेळ पाहिले. काकांनी वाचलेले सांगितले की हे झाड महोगनीच्या कुळातले, त्याच कुळात आपला कडुलिंबही येतो. हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी खरे आहे. सुताराचा चेहरा उजळला. "मंग लिंबच म्हणा की! कणगीत आपण लिंबाचा पालाच टाकतो किड्यासाठी." त्याच्या हिशेबाने प्रश्न सुटला होता. कपाटात दोन डहाळ्या ठेवा आणि चहा सांगा. काकांनी ऐकले नाही. पुतण्याने पुण्याहून सिगारींची रिकामी खोकी पाठवली, त्यांच्या पातळ फळ्या सुटवून सुताराने खण जोडले. मजुरी घेताना तो म्हणाला की आपण तीस वर्षांत दारे केली, दिवाण केले, देव्हारे केले, पण तंबाखूचे देव्हारे पहिल्यांदाच केले.

या लाकडाला आधी पाणी पाजावे लागते, तेही ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार नसलेले. नळाच्या पाण्यातले क्षार लाकडात आणि ओल सोडणाऱ्या स्पंजात साचतात. असे पाणी गावात एकाच ठिकाणी मिळते, बॅटरीच्या दुकानात.

"कोणती गाडी हाय काका?"

"गाडी नाही. सिगारसाठी पाहिजे."

"सिगार? ही कोणत्या कंपनीची म्हणायची? इलेक्ट्रिक हाय का?"

एका शेजाऱ्याने उनकेश्वरचे पाणी आणून देतो म्हटले. किनवट तालुक्यातल्या त्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली की त्वचेचे विकार जातात अशी श्रद्धा आहे, आणि सिगारला तडे म्हणजे त्वचेचाच विकार, असे त्याचे तर्कशास्त्र होते. त्यात दोष काढणे सोपे नाही. पण गंधकाच्या वासाची सिगार चर्चिलनेही ओढली नसती.

काकूंना मात्र पाणी विकत आणून लाकडाला पाजणे रुचेना. त्यांचे माहेर लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली 'जलदूत' रेल्वे ज्या गावात आली, त्या गावची लेक. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी आले होते. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या भावजया आजही भांडी विसळलेले पाणी झाडांना घालतात. "आमच्याकडं माणसाला पाणी रेल्वेनं आलं," काकू म्हणाल्या, "अन् इथं तंबाखूला बाटलीतून." काका गप्प बसले. त्यांनी बाटलीवर 'औषध' अशी चिठ्ठी लावली.

सर्वांत मोठा समारंभ मिठाच्या परीक्षेचा. आर्द्रता मोजायचे गोल घड्याळ मिळते, पण ते खरे बोलते की नाही हे आधी तपासावे लागते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, थेंब थेंब पाणी घालून ते चिखलासारखे भिजवायचे, झाकण आणि घड्याळ एका पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचे. अशा मिठावरची हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. हा निसर्गाचा नियम आहे, तो पुण्यात, हवानात आणि किनवटात सारखाच लागू आहे. सकाळी काकांच्या घड्याळाने ६८ दाखवले.

"मग फेकून द्या," काकू.

"फेकायचं कशाला? सात कमी दाखवतं, इतकंच. सात मिळवायचे."

त्या दिवसापासून काका आकडा वाचून क्षणभर डोळे मिटत आणि सात मिळवत. पाहुण्यांना वाटे की ते मनातल्या मनात स्तोत्र म्हणतायत.

आणि खरोखर, यंत्र चालले! आतला आकडा २१ वर स्थिर झाला, आर्द्रता ६९. काकांनी जावयाला फोटो पाठवले, गल्लीतल्या दोन मुलांना आत डोकावू दिले. कोणाच्या लक्षात आले नाही की जानेवारी होता, बाहेरही २१ च होते, आणि कपाटाचे बटण चालू नसते तरी आकडा तोच राहिला असता.

मार्च उजाडला. पारा ३८ वर गेला आणि कपाटातला आकडा त्याच्या मागून चढू लागला. २३, २५, २६. काकांनी बटण आणखी खाली नेले, आकडा आणखी वर गेला. मेकॅनिक आला. त्याने कपाटाच्या पाठीवर कान लावला आणि बसल्या जागी निदान केले.

"गॅस गेलाय काका. भरावा लागंल."

त्याने मागचे पत्रे काढले. आत दोन पंखे, एक ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि मध्ये चार सेंटिमीटरची पांढरी टिकली. तो पुन्हा पुन्हा वाकून पाहू लागला, जणू कंप्रेसर मागे कुठेतरी लपून बसला असेल. "काका," तो शेवटी म्हणाला, "तुमचं मशीन चोरीला गेलंय. नुसता डबा ठेवलाय."

चोरी झालेली नव्हती. अशा लहान कपाटांत बऱ्याचदा कंप्रेसर नसतोच. १८३४ मध्ये ज्याँ पेल्तिए या फ्रेंच माणसाला, जो आधी घड्याळजी होता, असे दिसले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज नेली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. ती पांढरी टिकली तेच काम करते. ना गॅस, ना आवाज, ना थरथर, म्हणून वाइनच्या बाटल्यांना ती मानवते. पण तिची ताकद बेताची. बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा अंश खाली नेले तरी तिने शर्थ केली असे समजायचे. युरोपातल्या २५ अंशांच्या बैठकीच्या खोलीत हे फार छान दिसते. किनवटात मे महिन्यात ४४ मधून १५ वजा केले तर २९ उरतात, आणि तिसरीतल्या पोरालाही न चुकणारी ही वजाबाकी काकांनी कपाट घेण्याआधी केली नव्हती. त्यात टिकलीची दुसरी बाजू खोलीत उष्णता ओतत होती. म्हणजे काका सिगारींना वारा घालत होते आणि घरच्यांना शेकत होते.

आणखी एक गोम होती. गार पडलेल्या पत्र्यावर आतल्या हवेतली ओल थेंबाथेंबाने जमते. बाजूला ठेवलेल्या पुड्या आणि स्पंज ओल देत होते, यंत्र ती चाटून घेत होते, आणि सिगारी या भांडणात कोरड्या पडत होत्या. वर संध्याकाळी लाइन गेली की दोघांचेही काम बंद.

उपाय काकांनी स्वतः काढला. कपाटाला ४४ झेपत नाहीत ना, मग कपाटाभोवतीच ४४ होऊ द्यायचे नाहीत. घरातला मोठा कूलर, वाळ्याचे ताटवे लावलेला, कपाटासमोर आणून लावला. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढली की पाण्याची वाफ होते आणि वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच जाते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात या साध्या पत्र्याच्या पेटीइतके चोख काम दुसरे कोणी करत नाही. खोली ३० वर आली. कपाट २० वर आले. काकांच्या डोळ्यांत पाणी आले. आता कूलर असलेली ती खोली घरातली एकुलती एक झोपण्याजोगी खोली होती, एवढाच काय तो तपशील राहिला. घरची मंडळी गच्चीवर झोपू लागली आणि आत पंचवीस सिगारी वाळ्याच्या वासात निजल्या.

बारकाईने पाहिले तर त्या खोलीत कूलरसमोर नुसता उघडा डबा ठेवला असता तरी सिगारींचे बरे चालले असते. हे काकांना सांगायची हिंमत कोणी केली नाही.

गच्चीवर तेव्हा दुसरा कारखाना चालू होता. उन्हाळा म्हणजे वाळवणाचा हंगाम. गहू भिजवून, वाटून, गाळून, चीक शिजवून काकू कुरडया घालत होत्या. पलीकडे पापड, सांडगे, शेवया. या सगळ्या व्यवहाराचा हेतू एकच, की जिन्नसात ओलीचा अंश राहू नये. आणि खालच्या मजल्यावर त्याच घरचा कर्ता ओलीचा एक अंश निसटू नये म्हणून दाराला रबराची पट्टी लावत होता. दोन्ही खात्यांची गाठ जिन्यात पडे. काका वर येऊन आर्द्रता मोजत, "इथे बावीस टक्केच आहे!" असे हळहळून सांगत. काकूंना ती शुभवार्ता वाटे.

कुरडया घालायला एक मावशी येत. माहेर निर्मलकडचे, तेलंगणात. निझामाबाद, निर्मल या पट्ट्यात घरोघर बायका विड्या वळतात. मावशींचे बालपण त्यातच गेलेले. किनवटच्या जंगलातही एप्रिल-मेमध्ये टेंभुर्णीची पाने तोडायची लगबग असते. पहाटे उठून तोडायची, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, उन्हात वाळवायची आणि पोत्यात भरण्याआधी पाणी शिंपून मऊ करायची, म्हणजे चुरा होत नाही. विडी वळणारी बाई तीच पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, सकाळी कात्रीने कापते. किती ओल हवी ते तिला बोटांनी कळते. पान फार कोरडे असेल तर वळताना फुटते, फार ओले असेल तर कुजते. या पट्ट्यात हे ज्ञान इतके जुने आणि इतके सर्रास आहे की त्याला ज्ञान म्हणायचे कोणाच्या मनात आले नाही.

मावशींना काकांनी मोठ्या अभिमानाने कपाट दाखवले. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, एक सिगार घेतली आणि दोन बोटांत हलकेच दाबली. पुण्याच्या पुतण्याने दाबली होती अगदी तशीच.

"वाळलीय की ही."

"वाळली कशी? एकोणसत्तर आहे बघा. सात मिळवून."

"आकड्याचं मला कळंना. पान वाळलंय. ओलं गोणपाट टाका वरून."

"गोणपाटाचा वास लागेल हो."

मावशी थोडा वेळ विचारात पडल्या. "आमी विडी वळली की भाजतो," त्या म्हणाल्या. "भट्टीत. कडक झाली तर ओढणाऱ्याला बरी. तुमी भाजायच्या ऐवजी पाजायलाव."

काकांनी त्यांना समजावून सांगितले की ही वस्तू निराळी आहे, हिला वर्षानुवर्षे मुरवतात. मग त्यांनी इंग्लंडचा दाखला काढला: शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत तो राखेवरून त्रिचनापल्लीची सिगार ओळखतो. आपल्या तमिळ मुलुखातली सिगार लंडनच्या वाचकाला नावानिशी ठाऊक होती! मावशींनी मान डोलावली आणि विचारले की ती तिथवर कशी गेली. जहाजातून, काका म्हणाले. "असलं कपाट होतं का जहाजात?" यावर काकांना चहाची आठवण झाली.

जून लागला. पहिल्या जोरदार पावसानंतर किनवट बदलले: जंगल हिरवे झाले, सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी कोसळू लागले आणि काकांच्या घड्याळातला आकडा सात न मिळवताच ८० वर गेला. आता बाहेरच इतकी ओल होती की दार उघडले की ती आत घुसे, आणि पुड्या तिच्यात भर घालत. चार महिने ओलीसाठी जीव टाकलेला माणूस आता ती शोषून घ्यायला तांदळाच्या पुरचुंड्या ठेवू लागला. जुलैत दोन सिगारींवर पांढरी धूळ दिसली.

पुतण्याने फोनवर अभिनंदन केले. सिगार मुरली की आतले तेल वर येऊन त्याचे असे स्फटिक होतात म्हणे, शौकीन त्यासाठी वर्षे घालवतात. काकांनी चष्मा पुसला आणि काकूंना बोलावले. काकूंनी आयुष्यभर कैरीच्या, लिंबाच्या, मिरचीच्या बरण्या सांभाळल्या होत्या. त्यांनी नाक जवळ नेले, अर्धा क्षण लागला.

"बुरशी आहे."

"मुरण्याची खूण आहे ती."

"लोणच्यावर आली तर मी ती काढून टाकते. तुम्ही मुरवा."

जाणकारांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हाही अशी धूळ बहुतेक वेळा बुरशीच निघाली आहे. पण सूक्ष्मदर्शकाला जेवढा वेळ लागतो तेवढा काकूंना लागला नाही.

ऑगस्टात एका सिगारला टाचणीने टोचल्यासारखे भोक दिसले. हा तंबाखूचा भुंगा. त्याची अंडी पानातच असतात, हवा उबदार झाली की फुटतात आणि अळी आतून बोगदा काढत जाते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. उन्हाळ्यात लाइन जायची त्या संध्याकाळींचा हा प्रसाद. या भुंग्याला मराठवाडा परका नाही. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या वसमतच्या हळदीपासून घरच्या मिरचीपर्यंत साठवणीतल्या मसाल्यांवर तो सुखाने जगतो. काकूंनी त्याला पाहताक्षणी ओळखले आणि लगेच हळदीचा डबा पंख्याखाली नेला. त्यावर उपाय एकच: सिगारी पिशवीत बांधून काही दिवस बर्फाच्या खणात ठेवायच्या. बर्फाच्या खणात आमरस होता. वर्षभर पुरवून खायचा, पाहुण्यांसाठीचा, केशर घातलेला. पुढच्या अमावस्येला पाहुणे आले, आमरस वाढला गेला, आणि एका वयस्क पाहुण्याने दुसरी वाटी मागताना तो कुठल्या आंब्याचा आहे ते विचारले, कारण त्यात "थोडा मर्दानी वास" होता.

यानंतर कपाट अंगणाच्या कडेला, पडवीत आले. सिगारी परत शोकेसमध्ये गेल्या. एकवीस उरल्या होत्या. न ओढता सांभाळणे हाच सिगारचा प्रकृतीला निर्धोक उपयोग असल्याने डॉक्टरांच्या दृष्टीने काकांचे काही चुकलेले नव्हते.

काकूंच्या भाच्याने तुती लावली आहे. मराठवाड्यात रेशीम आता बऱ्यापैकी रुजले आहे. जालन्याला २०१८ मध्ये कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून माल घेऊन कर्नाटकात पळावे लागत नाही. रेशमाच्या बाळअळ्यांना, शेतकरी त्यांना चॉकी म्हणतात, २७-२८ अंश आणि ८५ टक्क्यांच्या वर ओल लागते. भाचा पडवीत बसला होता. त्याने सहज घड्याळ पाहिले: बंद पडलेल्या कपाटात २७ अंश आणि ८०. तो ताडकन उठला.

"मामा, ह्याला कुणी बनवलं? हे तर चॉकीचं घर हाय!"

काकांना नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणी असे म्हटले. त्यांनी दार उघडून खण दाखवले, फळ्या दाखवल्या, भोक कशाने बुजवले तेही सांगितले. भाचा आत वाकला आणि तसाच मागे सरला.

"तंबाखूचा वास हाय."

"थोडासा."

"अळ्या दम सोडतील मामा. आमच्यात तंबाखू खाल्लेल्या हातानं पानसुद्धा घालू देत नाहीत. शेजारी तंबाखूचं रान असलं तरी तुती लावत नाहीत." हेही खरे आहे, निकोटिन रेशमाच्या अळीला विष आहे. त्याने कपाटावरून हळहळून हात फिरवला, मग आत बोट दाखवले. "मशीन राहू द्या. ते घड्याळ तेवढं द्या."

काकांनी घड्याळ काढून पुसले आणि त्याच्या हातात ठेवले. "पण ते चुकतं," ते म्हणाले. "सात मिळवायचे."

"मिळवतो की."

"विसरशील."

"लिहून द्या मंग."

काकांनी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी काढली आणि मागच्या बाजूला पेनने लिहू लागले.